पॉटी झाली म्हणून बंडू सुटला असं समजू नका

ताई, आधी बंडूला गाडीत घाला, दवाखान्यात नंबर लावा आणि मग तिथे बसल्या बसल्या हे वाचा. सकाळी तुमचं पत्र वाचलं तेव्हाच दोन ओळींत एवढंच कळवलं होतं. सदरात सविस्तर लिहितोय कारण भुट्ट्याचा सीझन चालू आहे आणि आपल्या इंदूरमध्ये या दिवसांत अशा पत्रांना तोटा नसतो.

बाकीच्यांना कळावं म्हणून पत्र थोडक्यात सांगतो. ताई लोकमान्य नगरात राहतात, बंडू त्यांचा तीन वर्षांचा लॅब्राडोर, वजन ३२ किलो. रविवारी घरी पाहुणे होते म्हणून भुट्ट्याचा कीस केला, किसून झालेले दांडे ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेले कारण सकाळी निगमची गाडी येते, आणि रात्रीतून बंडूने तो डबा आडवा केला. किती खाल्ले कोणालाच माहीत नाही, सकाळी फरशीवर दोन चघळलेले तुकडे सापडले तेवढेच. सोमवार छान गेला. मंगळवारी संध्याकाळी एक उलटी. बुधवारी जेवला आणि चार तासांनी सगळं जसंच्या तसं बाहेर. मेडिकलवाल्याने माणसांची उलटीची गोळी दिली, ऑन्डान्सेट्रॉन, तिने अर्धा दिवस बरं वाटलं. गुरुवारी परत उलटी, या वेळी नुसतं पिवळं पाणी, आणि सोबत थोडी पातळ पॉटी. आता घरात तीन पार्ट्या झाल्यात. सासूबाई म्हणतात तूप पाजा, सरकून जाईल. दीर म्हणतात कुत्रा आहे, लोखंड पण पचवेल. आणि ताईंना वाटतंय एक्स-रे काढावा, पण पॉटी झालीये म्हणजे अडकलं कसं असेल, आणि एक्स-रेत काही दिसलं नाही तर पैसेही गेले आणि वरून बोलणीही खायची. शेवटी एक ओळ, "डॉक्टरकाका, ऑपरेशन म्हटलं की माझे हातपाय गळतात."

पॉटीचं आधी सांगतो कारण सगळी गाडी तिथेच अडलीये. कुत्र्याचं आतडं लांबलचक असतं आणि जिथे वस्तू अडकलीये त्याच्या पुढच्या भागात आधीचा माल भरलेला असतोच, तो एक-दोन दिवस हळूहळू बाहेर येत राहतो, वर रस्ता पूर्ण बंद असला तरी. आणि अर्धवट अडकलेलं असेल, म्हणजे वस्तूच्या बाजूने थोडी फट असेल, तर पातळ पदार्थ त्या फटीतून झिरपत राहतो आणि तुम्हाला दिसते ती थोडी थोडी पातळ पॉटी, कधी त्यात शेंबडासारखं किंवा रक्ताची रेघ. लोक ती बघून खूश होतात की चला, मोकळा झाला. दवाखान्यात आम्ही विचारतो पॉटी कधी झाली, तर मालक मोठ्या उत्साहाने सांगतात सकाळीच झाली, आणि टेबलावर कुत्रा पाठ कमानीसारखी करून उभा असतो. म्हणून मी पॉटीपेक्षा उलटीचा हिशेब जास्त विचारतो. किती वेळा, खाल्ल्यावर किती वेळाने, काय रंगाची, पाणी टिकतं का.

भुट्ट्याचा दांडा हा प्रकार तर मुलखाचा लबाड आहे. दाणे पचतात, दांडा पचत नाही, तो सगळा चिवट काष्ठ, पोटातल्या ॲसिडने वरून थोडा मऊ पडतो पण विरघळत नाही. गोल, खरखरीत, आणि लॅब तो चावून चावून बारीक करेल ही अपेक्षाच ठेवू नका, लॅब दोन घासात तुकडे करतो आणि गिळतो. त्यात किसलेल्या दांड्याला दुधाळ गर चिकटलेला असतो म्हणजे त्याच्यासाठी पार्टीच. असा तुकडा कधी कधी पोटात नुसता पडून राहतो, दिवसच काय, आठवडे सुद्धा. मध्येच पोटाच्या खालच्या तोंडाशी येऊन बसतो, तेव्हा उलट्या, मग बाजूला सरकतो, तेव्हा कुत्रा एकदम ठणठणीत, शेपटी हलवतोय, जेवण मागतोय. मग एक दिवस पोटातून निघून छोट्या आतड्यात शिरतो आणि तिथे फसतो. तुमच्या बंडूचं हे जे एक दिवस बरा एक दिवस आजारी चाललंय ना ताई, ते मला म्हणूनच आवडलं नाही.

आतड्यात फसल्यावर आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे घरच्यांनाही सांगता येईल. कुत्र्याने काही खाल्लं नाही तरी पोट आणि आतडं आपापला रस सोडतच असतात, रोजचा तो रस पुढे जाऊन परत अंगात शोषला जातो. रस्ता बंद झाला की तो मागे साठतो, सोबत गॅस, आतडं फुगतं. फुगलं की उलटी. उलटीतून पाणी जातं, क्लोराइड जातं, पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की आतड्याची हालचाल आणखी मंदावते, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. इकडे दांडा जिथे रुतलाय तिथली आतड्याची भिंत दाबली जाते, आधी तिथून रक्त परत जायचा रस्ता बंद होतो, भिंत सुजते, मग रक्त यायचंही बंद. भिंत काळी पडायला लागली की आतले जंतू बाहेर पोटाच्या पोकळीत झिरपतात, आणि भोक पडलं तर मग पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या पोकळीत पसरलेला संसर्ग, ते खरं जीवघेणं. पूर्ण अडकलेल्या केसमध्ये हे सगळं दोन-तीन दिवसांत होऊ शकतं. आपण ज्याला "आजचा दिवस बघू" म्हणतो तो दिवस तिथे आत खूप महाग पडतो. सकाळी काढला असता तर एक छोटा काप आणि टाके, दोन दिवसांनी काढला तर आतड्याचा काळा तुकडाच कापून दोन टोकं जोडावी लागतात, आणि त्यात धोका कितीतरी जास्त.

आता ती गोळी. मेडिकलवाल्यावर मी रागावत नाही, त्याच्याकडे कोणी उलटी म्हणून आलं तर तो उलटीची गोळी देणार, पण कुत्र्याने काहीतरी गिळलंय हे माहीत असताना उलटीची गोळी देऊन वाट बघणं म्हणजे फायर अलार्मची वायर काढून झोपणं. ऑन्डान्सेट्रॉनने अडथळा हलत नाही, फक्त उलटी दबते, आणि आपल्याला वाटतं बरं चाललंय. त्यातल्या त्यात बरं म्हणजे त्याने डोमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड दिलं नाही. ही औषधं पोट आणि आतडं जोरात ढकलायला लावतात, आणि पुढे रस्ताच बंद असेल तर ढकलून काय होणार, भिंतीवर ताण वाढणार. ही दोन नावं लक्षात ठेवा, घराघरात ॲसिडिटीच्या गोळ्यांमध्ये डोमपेरिडोन असतं. दवाखान्यात गेल्यावर कोणती गोळी, किती, किती वाजता दिली ते न लाजता सांगा. आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नाइमसुलाइड, माणसांचं काहीही देऊ नका, आधीच चिडलेल्या पोटात त्याने अल्सर होतात, किडनीला मार बसतो.

सासूबाईंच्या तुपाबद्दल. सासूबाईंचा हेतू चांगला आहे हे मला माहितीये, आमच्याही घरी प्रत्येक दुखण्यावर तूपच निघायचं. पण ३२ किलोच्या कुत्र्याच्या आतड्यात रुतलेला दांडा वाटीभर तुपाने सरकत नाही, उलट उलट्या होत असताना चिकट पदार्थ जबरदस्तीने पाजला तर तो श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया व्हायची भीती, आणि इतकं फॅट एकदम गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, पॅन्क्रियाटायटिस. त्याची लक्षणं काय तर उलट्या, पोटदुखी, जेवण बंद, म्हणजे अडथळ्यासारखीच. झाला ना गोंधळ, डॉक्टरने काय म्हणून शोधायचं. एरंडेल तेल, मिठाचं पाणी, इसबगोल, एनिमा, सगळं याच खात्यात. मिठाच्या पाण्याने उलटी करवतात काही जण, त्यात अंगात सोडियम इतकं चढतं की फिट्स येतात, आणि हा खरखरीत तुकडा वर येताना अन्ननलिकेत अडकला तर पोटातलं संकट छातीत आलं. उलटी करवायची की नाही हे दवाखान्यात, वस्तू काय आहे आणि किती वेळ झालाय ते बघून ठरतं, आणि तेही गिळून एक-दोन तास झाले असतील तोवरच. तुमचा रविवार होऊन गेलाय.

दीरांना एवढंच सांगा की कुत्रा लोखंड पचवत नाही, नशीब बलवत्तर असेल तर बाहेर टाकतो. बऱ्याच वस्तू खरंच निघूनही जातात, ते मी नाकारत नाही. छोटी बी, कागद, मऊ कापडाचा लहान तुकडा गिळला आणि कुत्रा खेळतोय, जेवतोय, एकही उलटी नाही, तर डॉक्टरला फोन करून, त्यांनी हो म्हटलं तर, घरी लक्ष ठेवून दोन दिवस पॉटी चाळत बसणं चालतं. पण उलटी सुरू झाली की लक्ष ठेवायचा टाइम संपला. बंडूचा तो मंगळवारीच संपला होता.

गाडीत घालायच्या आधी दोन मिनिटं काढून हे बघा. वरचा ओठ उचला, हिरडीवर अंगठा दाबा, जागा पांढरी होईल, अंगठा काढा. दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. वेळ लागत असेल, किंवा हिरडी फिकट, विटकरी किंवा जांभळट दिसत असेल, किंवा बोटाला ओलसर न लागता चिकट लागत असेल, तर अंगात पाणी कमी झालंय किंवा रक्ताभिसरण बिघडतंय. काही लॅबच्या हिरड्याच काळ्या असतात, तिथे रंग कळत नाही, मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. मानेमागची चामडी चिमटीत धरून सोडा, झटकन बसली पाहिजे. पोट दाबून बघू नका, तुम्हाला काही कळणार नाही आणि त्याला दुखेल. तो पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग वर ठेवून उभा राहतोय का, नमस्कार घातल्यासारखा, तसं असेल तर पोट दुखतंय. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप घ्या, कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या ९८ शी तुलना करून घाबरू नका. हे आकडे कागदावर लिहा, वेळेसकट.

खाणं पूर्ण बंद. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. पाण्याचं भांडंही समोर ठेवू नका, तहानेने तो गटागट पितो आणि तेवढंच परत उलटून टाकतो, नुकसान दुप्पट. अर्थात हे आत्ता निघताय म्हणून सांगतोय, उपाशी-तहानलेला ठेवून घरी थांबायचं नाही.

सोबत काय न्यायचं? उलटीचे फोटो असतील तर ते, आणि बाजारातून एक भुट्टा घेऊन त्याचे दाणे काढून त्याचा दांडा पिशवीत घालून न्या. हसू नका. दांडा एक्स-रेवर हाडासारखा पांढरा चकचकीत दिसत नाही, त्याच्या आतल्या बारीक छिद्रांत हवा अडकलेली असते त्यामुळे एक पुसट ठिपक्या-ठिपक्यांची जाळी दिसते, ती पॉटीसारखीच वाटू शकते. डॉक्टरांनी तसाच दांडा शेजारी ठेवून एक फोटो घेतला तर नेमकं काय शोधायचं ते डोळ्याला कळतं.

हेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, एक्स-रेत काही दिसलं नाही तर. एक तर एका फोटोवर भागत नाही, निदान दोन बाजूंनी पाहिजे, शक्यतो डावी कूस, उजवी कूस आणि उताणा असे तीन, कारण कूस बदलली की पोटातला गॅस जागा बदलतो आणि आधी लपलेली वस्तू दिसते. दुसरं, वस्तू नाही दिसली तरी तिचा परिणाम दिसतो. आतड्याचे काही वेढे नॉर्मल आणि काही फुग्यासारखे, तर मध्ये कुठेतरी अडलंय. डॉक्टर कमरेच्या पाचव्या मणक्याची उंची मोजतात आणि फुगलेल्या आतड्याची रुंदी तिच्या १.६ पटीच्या वर गेली की अडथळ्याचा संशय पक्का होत जातो. तेवढ्यानेही समाधान नाही झालं तर सोनोग्राफी, दांड्यासारख्या वस्तूंसाठी ती जास्त कामाची, वस्तूच्या मागे काळी सावली पडते आणि आतड्यात साठलेलं पाणी हलताना दिसतं. बेरियम पाजून फोटो काढण्याची पद्धतही आहे, पण भोक पडल्याची शंका असेल तर बेरियम देत नाहीत, ते पोटात सांडलं तर नवं दुखणं. आणि कधी कधी डॉक्टर म्हणतात सलाइन लावून काही तासांनी परत एक्स-रे काढू. त्यात फसवणूक नाही, गॅस आणि वस्तू हलली की नाही ते बघायचं असतं. रक्त तपासायला सांगतील तेही करा, स्वादुपिंड, किडनी, पोटॅशियम त्यात कळतं. तेव्हा एक्स-रेत काही सापडलं नाही म्हणजे पैसे वाया गेले असं घरी कोणी म्हणालं तर माझं नाव सांगा.

निघायच्या आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा. एक्स-रे तिथेच होतो का, सोनोग्राफी आहे का, आणि गरज पडली तर आज रात्री पोटाचं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत का. एक जरी नाही असेल तर दुसरा दवाखाना बघा, नाहीतर बंडूला घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रॅफिकमध्ये फिरत बसाल. महूला पशुचिकित्सा महाविद्यालयाचं हॉस्पिटल आहे, इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटर, तिथे सर्जरी विभाग आहे, पण ओपीडीची वेळ विचारूनच निघा, रात्री दहाला तिथे जाऊन गेट वाजवण्यात अर्थ नाही.

आता ऑपरेशन. तुमचे हातपाय गळतात ते साहजिक आहे, पण काय करतात ते कळलं की भीती थोडी कमी होते असा माझा अनुभव. आधी काही तास सलाइन, पोटॅशियम वगैरे जागेवर आणतात, कोरड्या पडलेल्या कुत्र्याला थेट भूल देणं धोक्याचं. दांडा अजून पोटातच असेल आणि एंडोस्कोपीची सोय असेल तर तोंडातून दुर्बीण घालून काढायचा प्रयत्न होतो, पण गोल घसरडा तुकडा पकडीत येत नाही बऱ्याचदा. आतड्यात असेल तर पोट उघडतात, अडलेली जागा शोधतात, तुकड्याच्या जरा पुढे जिथे आतडं निरोगी आहे तिथे उभा काप देऊन तुकडा बाहेर, आणि टाके. मग चांगला सर्जन तिथेच थांबत नाही, पोटापासून मोठ्या आतड्यापर्यंत सगळं आतडं हातातून सरकवत बघतो, कारण तुमच्याकडे रविवारी किती दांडे गेले हेच माहीत नाही. एक फसलेला, दुसरा पोटात रांगेत उभा, असंही निघतं. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा, की संख्या माहीत नाही. आतड्याचा रंग गुलाबी, छोट्या रक्तवाहिन्या उडताना दिसतायत, बोट लावलं की आक्रसतंय, तर ते वाचवतात, काळं-हिरवं आणि कागदासारखं पातळ झालं असेल तर तेवढा भाग कापतात.

घरी आल्यावर खरी परीक्षा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. आतड्याचे टाके सुटायचे असतील तर साधारण तेव्हा सुटतात, आणि पहिले दोन दिवस छान गेल्यामुळे घरातले सगळे ढिले पडलेले असतात. त्या दिवसांत जेवण सोडलं, परत उलटी, ताप, पोट ताणलेलं, नुसता कोपऱ्यात पडून, यातलं एकही दिसलं तर फॉलो-अपच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच तासाला फोन. खायला डॉक्टर लवकरच सुरू करायला सांगतील, हल्ली खूप दिवस उपाशी ठेवत नाहीत, चोवीस तासांच्या आतच थोडं थोडं, मऊ भात आणि उकडलेलं चिकन, घरात चिकन चालत नसेल तर त्यांना विचारून वेगळं काही, पण कांदा-लसूण असलेलं काहीही नको, कुत्र्याला तो विषारी. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो कोन टाके निघेपर्यंत, दहा ते चौदा दिवस, काढायचा नाही. तो केविलवाणा बघेल. बघू दे.

आणि बाकीच्या वाचकांनो, भुट्टा नाही म्हणून तुम्ही निर्धास्त होऊ नका. मे-जूनमध्ये आंब्याच्या कोयी, गणपतीत नारळाची शेंडी आणि करवंटीचे तुकडे, संक्रांतीला मांजा, आणि बाराही महिने मोजे. पावसात पातालपाणी, तिंछा, चोरलकडे कुत्र्याला फिरायला नेता आणि तिथे भुट्ट्याच्या गाड्यांभोवती दांड्यांचा सडा असतो, पट्टा आखूड धरा. मांजा-दोरा-लांब प्लॅस्टिकची पट्टी हा वेगळाच प्रकार, एक टोक पोटाशी अडकतं आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होत जातं, दोरा करवतीसारखा भिंत कापतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. एकदम नाही. कापून सुद्धा टाकू नका, तसंच घेऊन या.

पिल्लांना काही न गिळता सुद्धा अडथळा होतो, जंत किंवा पार्व्हो नावाच्या विषाणूच्या जुलाबानंतर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो, दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्या तसा, तेव्हा जुलाब बरे होत आलेत आणि पिल्लू परत उलट्या करतंय तर जंताचं औषध पाजून गप्प बसू नका. म्हाताऱ्या कुत्र्यात हळूहळू वाढणारी गाठ असू शकते. आणि जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असली खोल छातीची जात असेल, पोट ढोलासारखं फुगलंय, उलटीचा जोर करतोय पण फेसाशिवाय काही येत नाही, तर ते वेगळं संकट, पोटच पिळलं गेलेलं असतं, तिथे दिवसांचा हिशेब नाही, तासांचा आहे, चप्पल घालायच्या आधी दवाखान्याला फोन लावा.

ताई, तुम्ही लिहिलंय की डबा मीच उघडा ठेवला आणि यावरून घरात रोज खटके उडतायत, आणि सासूबाई त्याला एरवीही दुपारी एखादा दांडा चघळायला देतात. डबा कोणी ठेवला यावर आत्ता वेळ घालवू नका, ते बंडू घरी आल्यावर भांडा. पण दांडा चघळायला द्यायचं मात्र कायमचं बंद, आणि ओल्या कचऱ्याचा डबा खटक्याचं झाकण असलेला घ्या किंवा रात्री सरळ बाथरूममध्ये ठेवून कडी लावा. आपल्याकडे ओला-सुका वेगळा ठेवायची सवय इतकी पक्की झालीये की ओल्या डब्यात कुत्र्याच्या आवडीचं सगळं एका जागी मिळतं, त्याला शोधायचीही मेहनत नाही. चघळायला द्यायचंच असेल तर त्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं रबराचं खेळणं द्या, नखाने दाबल्यावर थोडं दबलं पाहिजे, दबतच नसेल तर दात मोडेल. झिजून छोटं झालं की फेकून द्या, पैसे दिलेत म्हणून ठेवू नका. शिजवलेली हाडं पण नको, तीही दुपारच्या डुलकीत सासूबाईंच्या हातून जातात असा मला दाट संशय आहे.

एक्स-रे निघाला की मला फोटो पाठवा. फिल्म असेल तर खिडकीच्या उजेडासमोर धरून काढा, ट्यूबलाइटसमोर धरली की मधोमध पांढरी पट्टी येते आणि नेमकं पोटच दिसत नाही. डिजिटल असेल तर स्क्रीनचा फोटो नको, त्यांच्याकडून फाइलच मागून घ्या, देतात. आणि सोबत शेवटची उलटी किती वाजता झाली ते लिहा.